संगणकीय नकलांतील ओळींचे शेवट

जुन्या कागदाची नक्कल करितांना मूळ ओळ कोठें संपली, हें नोंदविणें अगत्याचें असतें. पोथ्यांत व मोडी पत्रांत शब्द मध्येंच तुटून पुढील ओळीवर जातो. लेखकाची नजर एका ओळीवरून दुसरीवर घसरून मजकूर गळाला असल्यास त्याचा मागही बहुधा ओळींच्या शेवटांवरूनच लागतो. आतां नकला संगणकावर होत असल्यामुळें या शेवटांविषयीं एक नवीन घोटाळा उद्भवूं लागला आहे.

संगणकाच्या साध्या मजकूर-फाइलींत ओळ संपल्याची खूण अदृश्य असते. तिचें मूळ टेलिप्रिंटरांत आहे. तेथें छपाईचा गाडा डावीकडे परत आणणें ही एक क्रिया, व कागद एक ओळ पुढें सरकविणें ही दुसरी. १९६३ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या ‘आस्की’ संकेतांत पहिलीस १३ व दुसरीस १० हे अंक आहेत. पुढें संप्रदाय भिन्न झाले. युनिक्सनें व त्याच्या वळणावरील लिनक्सनें केवळ १० घेतला. डॉस व विंडोज यांनीं १३-१० ही जोडी राखिली. मॅकिंटॉशच्या जुन्या प्रणालींत केवळ १३ होता, तो सोडून २००१ सालच्या ‘मॅक ओएस टेन’नें १० स्वीकारला.

याचा परिणाम असा कीं, एकाच पोथीच्या दोन नकला विंडोज व लिनक्स यांवर झाल्या असल्यास, अक्षराचाही फरक नसतां, ताडून पाहणारी आज्ञावली प्रत्येक ओळ भिन्न असल्याचें सांगूं शकते. खरे पाठभेद त्या गर्दींत लपतात. कांहीं साधनांत ओळीच्या शेवटचा शब्द १३ या चिन्हासह वाचला जाऊन शब्दसूचींत दोनदां येतो. विंडोजच्या नोटपॅडमध्यें २०१८ पर्यंत केवळ १० असलेल्या फाइलीच्या सर्व ओळी सलग दिसत. अशी फाइल पाहून मूळांत ओळींची नोंदच नव्हती, असा समज होणें सहज शक्य होतें.

यास्तव तीन गोष्टी पाळाव्या. आलेली मूळ फाइल जशीच्या तशी जतन करावी. ताडून पाहण्यापूर्वीं सर्व नकलांच्या दुय्यम प्रती करून त्यांतील शेवट एकाच पद्धतीचे करावे. ‘डॉस-टू-युनिक्स’ हें साधन त्याचसाठीं आहे. तिसरी व मुख्य गोष्ट ही कीं, पोथींतील ओळ संपल्याची नोंद अदृश्य चिन्हावर न सोंपवितां दृश्य खुणेनें करावी. मात्र त्यासाठीं उभी रेघ घेऊं नये, कारण ती दंडाशीं मिसळते. चौकोनी कंसांत ओळीचा अंक घालावा. अदृश्य चिन्हावरून फार तर नक्कल कोणत्या यंत्रावर झाली याचा तर्क करतां येईल. मूळ लेखकाविषयीं तें कांहींच सांगत नाहीं.