'हृदय बंद पडले' हे मृत्यूचे कारण नव्हे!

माणूस कोणत्याही आजाराने मरो, शेवटी त्याचे हृदय बंद पडतेच. म्हणूनच 'हृदयक्रिया बंद पडली' हे मृत्यूचे कारण होऊ शकत नाही. ती फक्त मरणाची शेवटची पायरी आहे. तरीही आपल्याकडे मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रावर हे शब्द बिनदिक्कत लिहिले जातात आणि पक्षाघाताने गेलेला माणूस सरकारी आकड्यांतून नाहीसा होतो.

हे कसे घडते? दवाखान्यातील मृत्यूसाठी नमुना ४ आणि घरच्या मृत्यूसाठी नमुना ४ अ भरावा लागतो. त्यात वरच्या ओळीत तात्कालिक कारण आणि सर्वांत खाली मूळ कारण लिहायचे असते. समजा, रक्तदाब वाढून मेंदूतील रक्तवाहिनी फुटली, अंगावरून वारे गेले, गिळता न आल्याने अन्न श्वासनलिकेत गेले आणि न्यूमोनियाने माणूस दगावला. ही साखळी पूर्ण लिहिली तर आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीनुसार त्याला 'आय ६१', म्हणजे मेंदूतील रक्तस्राव, हा संकेतांक मिळतो. फक्त न्यूमोनिया लिहिला तर तो छातीच्या रोगात जमा होतो. फक्त 'हृदय बंद' लिहिले तर हृदयविकारात. आणि नुसते 'पक्षाघात' लिहिले तर 'आय ६४': रक्तस्राव की गुठळी, हे ठाऊक नाही!

हा दोष एकट्या डॉक्टरचा नाही. सीटी स्कॅनशिवाय रक्तस्राव की गुठळी हे खात्रीने सांगता येत नाही. जिथे यंत्रच नाही तिथे डॉक्टर काय लिहिणार? आणि जिथे नोंद नाही तिथे यंत्राची गरज सरकारला कशी दिसणार? गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. जिल्ह्याच्या गावी पोहोचेपर्यंत ही वेळ टळते, आणि ती टळते कोणाची? ज्याच्याजवळ गाडीभाडे नाही त्याची.

मुळात किती मृत्यूंचे कारण डॉक्टर प्रमाणित करतात? २०२० साली देशात नोंदवलेल्या ८१ लाखांवर मृत्यूंपैकी सुमारे १८ लाखांचे, म्हणजे २२.५ टक्के. बाकीच्यांचे काय? २००१ पासूनच्या मृत्यूंवर झालेल्या 'मिलियन डेथ स्टडी'त घरोघरी जाऊन नातेवाइकांना लक्षणे विचारली गेली आणि दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे कारण ठरवले. म्हणजे गरिबाच्या मरणाचे कारण शोधता येते. शोधण्याची इच्छा लागते.

कायदा काय सांगतो? जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. त्यात प्रमाणपत्र नाकारणाऱ्या डॉक्टरला दंड होता जास्तीत जास्त ५० रुपये! २०२३ च्या दुरुस्तीने, १ ऑक्टोबर २०२३ पासून, सरकारी असो वा खासगी, प्रत्येक वैद्यकीय संस्थेने मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र विनामूल्य निबंधकाला देणे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे बंधनकारक झाले आहे. नेहमीच्या मृत्यू दाखल्यावर कारण छापलेले नसते, म्हणून ही प्रत महत्त्वाची.

आम्ही वाचकांना सांगू इच्छितो की, ती प्रत मागा. वाचा. शेवटच्या ओळीत मूळ कारण लिहिले आहे का, ते पाहा. नसेल तर तिथेच विचारा. आणि शासनाकडे आमची मागणी आहे: प्रमाणपत्र कसे भरावे याचे प्रशिक्षण प्रत्येक निवासी डॉक्टरला द्या, 'आय ६४' जिथे जास्त नोंदले जाते तिथे आधी सीटी स्कॅन पोहोचवा.

जगताना ज्यांची मोजदाद झाली नाही, त्यांची मरणानंतर तरी खरी नोंद व्हावी. ही दयेची याचना नाही, हा हक्क आहे!