पेटीतला गंधार, गळ्यातला गंधार

गाण्याच्या क्लासात मूल पहिल्या दिवशी जाऊन बसते तेव्हा त्याच्यापुढे बहुधा पेटी असते. बाई सा धरतात, मूल सा लावते. मग रे, मग ग. आठवड्याभरात मूल पेटीबरोबर ‘सुरात’ म्हणू लागते आणि घरी पेढे वाटले जातात. गोम इतकीच, की त्या पेटीतला गंधार मुळात थोडा चढा असतो. मूल जितके इमानदार, तितका त्याचा गंधारही चढा!

थोडा म्हणजे किती? षड्जाची आंदोलने सेकंदाला २४० धरली, तर शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३०० ला येतो. पेटीवरचा गंधार येतो ३०२.४ ला. एवढ्याने काय बिघडते, असे कुणी विचारील. पण षड्जाच्या तारेतून त्याच्या पाचपट आंदोलनांचा, १२०० चा, एक बारीक स्वरही निघत असतो. शुद्ध गंधाराच्या चौपटीचा स्वर नेमका त्याच्यावर येऊन बसतो. पेटीच्या गंधाराची चौपट मात्र साधारण १२०९.५ भरते. हे दोन सूर एकमेकांत मिसळत नाहीत, सेकंदाला नऊ-दहा हेलकावे खात राहतात. जुळलेल्या तानपुऱ्यात कुणीही न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो, तो हाच ३०० चा. म्हणजे तानपुरा एक सांगतो आणि पेटी दुसरे.

यात पेटीवाल्याचा दोष नाही, दोष गणिताचा आहे. षड्जापासून पंचम, त्या पंचमाचा पंचम, असे बारा वेळा दीडपटीने चढत गेलो तर सुमारे १२९.७५ पटीला पोचतो. सात सप्तके मात्र दुपटीदुपटीने १२८ पटच होतात. वर्तुळ मिटत नाही, चिमूटभर फट उरते. कोणत्याही पट्टीत वाजवता यावे म्हणून युरोपने ही फट बारा पंचमांत सारखी वाटून टाकली. पंचमाला ते सोसले, कारण ३६० ऐवजी ३५९.६ कुणाला कळणार? वाट लागली ती गंधार-धैवताची.

अशीच एक फट आपल्या पूर्वसूरींनाही ठाऊक होती. ऋषभ २७० चा धरून त्याचा पंचम घेतला तर धैवत ४०५ ला येतो, आणि ३२० च्या मध्यमाचा गंधार म्हणून पाहिला तर तोच धैवत ४०० ला. दोन्ही वाटा खऱ्या, धैवत मात्र दोन! भरताने नाट्यशास्त्रात षड्जग्राम आणि मध्यमग्राम यांच्या पंचमांतील अंतराला प्रमाणश्रुती म्हटले. अलीकडचे बरेच अभ्यासक तिचे माप हेच, ८१ ला ८०, मानतात. भरताने स्वतः मात्र एकही आकडा दिलेला नाही. त्याने दोन सारख्या वीणा घेतल्या, एक अचल ठेवली, दुसरी एकेक श्रुतीने चार वेळा उतरवली आणि कोणता स्वर कोणत्या स्वराशी जाऊन मिळतो हे कानाने तपासले. तीन स्वर चार-चार श्रुतींचे, दोन तीन-तीनचे, दोन दोन-दोनचे, बेरीज बावीस. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवानेही ‘संगीतरत्नाकरा’त बावीसच मानल्या, आकडे त्यानेही दिले नाहीत.

आकड्यांचा हट्ट आला तो विसाव्या शतकात, आणि तोही साताऱ्या-सांगलीकडून! कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. उस्ताद अब्दुल करीम खाँसारख्या गवयाचे स्वर मोजून त्यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढले. ई. क्लेमेंट्स नावाचे आय.सी.एस. न्यायाधीश त्यांच्या नादी लागले आणि दोघांच्या खटपटीतून चक्क श्रुतींची पेटी तयार झाली. बावीस श्रुतींवर वाद मात्र खूप झाले. भातखंड्यांसारख्या पंडितांना हा मार्गच पटला नाही. अलीकडे ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी नव्याने बावीस श्रुतींची पेटी बनवली. दोन्ही प्रयत्नांतल्या चिकाटीला नमस्कार. पण दरबारीचा कोमल गंधार एका जागी बसतच नाही, तो झुलतो. त्याला कोणती पट्टी देणार?

१९६३ साली जैराझभॉय आणि स्टोन यांनी यंत्राने स्वर मोजले तेव्हा एकाच मैफलीत, एकाच कलावंताचा स्वर जागा बदलताना आढळला. आम्हाला यात श्रुतींचा पराभव वाटत नाही. फुटपट्टी जिथे संपते तिथे गाणे सुरू होते, एवढेच यातून दिसते.

आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून पेटीला दारच बंद केले होते. त्यामागे जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराची टीका होती. ही बंदी सैल व्हायला १९७१ उजाडले. आमच्या मते ती अन्यायाचीच होती. भास्करबुवा बखल्यांना साथ करणारे गोविंदराव टेंबे काय बेसूर वाजवत होते? जाणता साथीदार बोचणारा सूर दाबून धरत नाही, त्याला चाटून पुढे सरकतो. काही जण गायकाच्या षड्जाप्रमाणे पेटीचे सूर घासून घेतात. त्याला ‘गंधार ट्यूनिंग’ म्हणतात. मग मात्र पट्टी बदलता येत नाही.

प्रश्न मैफलीचा नाहीच, पहिल्या दोन वर्षांचा आहे. आता तर पेटीच्या जोडीला मोबाईलवर सूर तपासणारी यंत्रे आली आहेत. त्यांतली अनेक त्याच बारा समान पायऱ्यांवर बेतलेली असतात. मुलाने तानपुऱ्यातला ३०० चा गंधार अचूक लावला, तर असे यंत्र त्याला तो उतरलेला आहे म्हणून सांगते आणि मूल तो वर ढकलते. क्लासच्या बाईंनी निदान गंधार आणि धैवत शिकवताना पेटीचा भाता बंद ठेवावा, तानपुरा नीट जुळवावा आणि मुलाला त्यातला न छेडलेला गंधार शोधायला सांगावे. सापडायला काही दिवस लागतील. फी तेवढीच घ्या.