मापात पाप नको, तारीख समोर हवी : छोट्या मिठाई दुकानाची बिनखर्ची जाहिरात

पवनेच्या काठचे पिंपळे गुरव हे एकेकाळचे खेडे. आज ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेतील दाट वस्तीचे उपनगर आहे. येथील अनेक घरे पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांतील पगारावर चालतात. पगार झाला की पाव किलो पेढे घरी जातात. महिनाअखेरीस हात आखडतो. अशा ठिकाणी स्वतंत्र मिठाई दुकान चालविणाऱ्याची गाठ मोठ्या नावांच्या शाखांशी असते. त्यांच्याएवढा जाहिरातखर्च त्याला झेपणारा नाही. मग त्याने काय करावे?

पहिला विचार सवलतीचा येतो. त्याचा हिशोब मांडून पाहावा. समजा, शंभर रुपयांच्या विक्रीत वीस रुपये सुटतात. दहा टक्के सूट दिली तर दहाच उरतात. म्हणजे पूर्वीइतकी मिळकत होण्यासाठी जवळजवळ दुप्पट माल खपला पाहिजे. न खपल्यास नासाडी वेगळीच. सवलतीपेक्षा खात्री स्वस्त पडते, असे आमचे मत आहे.

पुण्यातील चितळे बंधूंचे दुकान १९५० पासूनचे. दुपारी एक ते चार बंद राहणारे दुकान अशी त्याची ख्याती होती; २०१७ साली ही प्रथा मोडली. इतकी वर्षे गिऱ्हाईक गैरसोय सोसून येत राहिले, ते मालाच्या भरवशावर. हा भरवसा लहान दुकानालाही मिळविता येतो.

त्यासाठी पहिली गोष्ट तारखेची. सुट्या मिठाईच्या ताटापुढे ती कोणत्या तारखेपर्यंत खाण्यास उत्तम, हे लिहिणे १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. अनेकांना हे ओझे वाटते. आम्ही म्हणतो, हीच जाहिरात करा. फळ्यावर मोठ्या अक्षरांत रोज लिहा : आज काय बनले, केव्हापर्यंत खावे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मार्गदर्शनानुसार कलाकंद त्याच दिवशी संपवावा, रसगुल्ला, रसमलाई दोन दिवसांत, खव्याची मिठाई चार दिवसांत. बेसनलाडू मात्र महिनाभर टिकतात. हे गिऱ्हाइकाला आपणहून सांगणारा दुकानदार लक्षात राहतो. भाव उतरवायचाच असेल तर मुदत संपण्याआधी, संध्याकाळी आणि कारण सांगून उतरवावा. मुदत संपलेला माल कोणत्याही भावाने विकू नये.

दुसरी गोष्ट वजनाची. मिठाई खोक्यासह तोलणे कायद्यात बसत नाही. सहाशे रुपये किलोच्या बर्फीत पन्नास ग्रॅमचे खोके तोलले, तर गिऱ्हाईक पुठ्ठ्याचे तीस रुपये मोजते. रिकामे खोके काट्यावर ठेवावे, काटा शून्यावर आणावा, मगच मिठाई भरावी. काट्याचे आकडे गिऱ्हाइकाकडे वळवून ठेवावेत. "खोक्याचे वजन धरत नाही" ही पाटी लावण्यास काय खर्च येतो?

तिसरी गोष्ट चवीची. नव्या पदार्थाचे लहान तुकडे झाकणाच्या ताटलीत ठेवून चिमट्याने द्यावेत. मात्र एका वेळी एकच पदार्थ, आणि तोही ताजा. कालचा उरलेला माल चाखवणे म्हणजे आपल्याच हाताने गिऱ्हाईक परत पाठविणे होय.

चौथी गोष्ट लहान पुड्याची. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शंभर ग्रॅमचे पुडे काउंटरवर मांडावेत, भाव ठळक लिहावा. ज्याच्या खिशात थोडे पैसे आहेत, त्याला पाव किलो मागण्याचा संकोच पडू नये. दिवाळी, ईदच्या आधी एक वही ठेवून मागणी व थोडी आगाऊ रक्कम घ्यावी. म्हणजे किती खवा आणायचा हे अंदाजावर राहत नाही.

या साऱ्यास लागतो एक फळा, खडू, चिमटा आणि वही. दुकानदार बंधूंनी महिनाभर हे करून पाहावे व परत येणाऱ्या गिऱ्हाइकांची रोज नोंद ठेवावी. जाहिरात फळली की नाही, ते त्या वहीतच दिसेल.