कोपऱ्यातले तीन चौकोन

 नुकतंच एका शिक्षिकेचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न काही केल्या मनातून जाईना. बाईंकडे तिसरी आणि चौथी असे दोन वर्ग आहेत. त्यांनी लिहिलंय की एका पुस्तकात क्यूआर कोडवर कुणीतरी स्टिकर चिकटवला होता, तो ओढून काढताना मधली छपाई निघून आली, तरी तो कोड स्कॅन होतो. दुसऱ्या पुस्तकात एका मुलानं फक्त कोपऱ्यातला चौकोन निळ्या पेनानं भरून टाकला. बाकी सगळा कोड कोरा करकरीत, पण तो मात्र होत नाही. असं का?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी जपानमध्ये जावं लागतं. 1994 साली डेन्सो या मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मासाहिरो हारा यांनी क्यूआर कोड तयार केला. त्याआधी बारकोड होते, पण एका बारकोडात वीसेक अक्षरंच मावत. एकेका खोक्यावर अनेक बारकोड लावावे लागत आणि ते एकामागून एक स्कॅन करता करता कामगार थकून जात. हारांना जास्त माहिती मावणारा कोड हवा होताच, पण तो कुठल्याही कोनातून चटकन सापडणाराही हवा होता. यंत्राला आधी हे कळायला हवं की या एवढ्या छापील पसाऱ्यात कोड नेमका कुठे आहे.

त्यासाठी त्यांनी केलेली खटपट मला फार आवडते. हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यानं जाहिरातीची पत्रकं, मासिकं, पुठ्ठ्याची खोकी असं छापलेलं जे मिळेल ते गोळा केलं आणि त्यात काळ्या-पांढऱ्याचं कोणतं प्रमाण सर्वांत कमी वेळा येतं ते शोधून काढलं. उत्तर निघालं 1:1:3:1:1. आता कोणत्याही पाठ्यपुस्तकातला कोड काढून त्याचा कोपऱ्यातला चौकोन बघा. त्याच्या मध्यातून आडवी रेघ ओढली तर एक भाग काळा, एक पांढरा, तीन काळे, एक पांढरा, एक काळा असा क्रम मिळतो. रेघ उभी ओढा, तिरकी ओढा, प्रमाण तेच राहतं. कॅमेरा आधी हे प्रमाण तीन ठिकाणी हुडकतो. चौथा कोपरा मोकळा असल्यामुळे कोड उलटा आहे की सुलटा हेही त्याला समजतं. मग तो आतला मजकूर वाचायला घेतो.

बाईंच्या विद्यार्थ्यानं नेमकं त्या चौकोनातलं पांढरं कडंच भरून टाकलं. कॅमेऱ्याच्या लेखी निळी शाई काळीच. प्रमाण मोडलं, चौकोन सापडेना, आणि पुढचं वाचन सुरूच होईना.

स्टिकरनं ओरबाडलेला भाग मात्र मजकुराचा होता, आणि मजकुराला संरक्षण असतं. अर्विंग रीड आणि गुस्टाव्ह सॉलोमन या दोन गणितज्ञांनी 1960 साली मांडलेली पद्धत इथे वापरतात. मूळ मजकुराबरोबर त्यातूनच गणितानं काढलेली जादा माहितीही छापली जाते, आणि काही भाग नाहीसा झाला तर उरलेल्यावरून तो पुन्हा काढता येतो. क्यूआर कोडात या संरक्षणाच्या चार पातळ्या आहेत: सुमारे 7, 15, 25 आणि 30 टक्के. कोपऱ्यांतल्या तीन चौकोनांना हे संरक्षण लागू नाही. शाळेच्या पहिल्याच आठवड्यात मुलांना हे तीन चौकोन दाखवावेत, त्यांचं प्रमाण मोजायला लावावं. चौथीच्या मुलांना ते सहज जमतं. हे एकदा कळलं की त्यात रंग भरायची हौस आपोआप कमी होते, आणि गुणोत्तराची तोंडओळख होते ती वेगळीच.

बिघडलेल्या कोडावर उपाय काय? दुसऱ्या पुस्तकातल्या कोडाची झेरॉक्स काढून चिकटवता येईल. पण पाठ्यपुस्तकांसाठीच्या दीक्षा या शैक्षणिक ॲपच्या कोडाखाली सहा अक्षरांचा आणि अंकांचा एक संकेत छापलेला असतो, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. ॲपमध्ये तो टाइप केला की कोड स्कॅन केल्यावर जे उघडतं तेच उघडतं. कॅमेरा फुटलेला फोन असो, वर्षअखेरीला परत घेऊन पुढच्या मुलांना दिलेलं जीर्ण पुस्तक असो, ती सहा अक्षरं वाचता आली म्हणजे काम झालं. दीक्षा सुरू झालं 2017 च्या सप्टेंबरात. पुस्तकावर व्हिडिओचा पत्ता न छापता नुसता संकेत छापायचा, ही त्यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट. संकेताशी काय जोडायचं ते सर्व्हरवर ठरतं. कागद तोच राहतो आणि त्यामागचं साहित्य सुधारत नेता येतं.

महाराष्ट्रात कोडाचा विषय निघाला की रणजितसिंह डिसले यांचं नाव येतंच. 2020 चा 'ग्लोबल टीचर प्राइझ' त्यांना मिळाला आणि दहा लाख डॉलरांतली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे सर्वांना ठाऊक आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत ते 2009 साली रुजू झाले तेव्हा तिथल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती. डिसले गुरुजी आधी कन्नड शिकले. पाठ्यपुस्तकं मुलांना समजतील अशी केली, कविता आणि पाठ ध्वनिमुद्रित केले, आणि त्यानंतर त्यांच्यावर कोड चढले. कौतुक कोडाचं झालं. माझ्या मते खरी मेहनत त्याच्या आधीची आहे. कोड हे दार आहे, आत काय मांडून ठेवलंय त्यावर सगळं अवलंबून.

आणि दार केव्हा उघडायचं, यावरही. पाठ सुरू झाला की लगेच व्हिडिओ लावण्याची पद्धत मला पटत नाही. एका द्विशिक्षकी शाळेत बी रुजण्याचा पाठ पाहिला होता. गुरुजींनी आदल्या दिवशी मुलांना ओल्या फडक्यात मटकी बांधायला लावली. दुसऱ्या दिवशी पुरचुंड्या सोडल्या. आधी काय बाहेर येतं, मूळ की पानं, यावरून मुलांची जुंपली. प्रत्येकानं आपापल्या वहीत चित्र काढलं. त्यानंतर गुरुजींनी फोन बाहेर काढला आणि अनेक दिवसांची वाढ मिनिटभरात दाखवणारी फीत लावली. फीत संपताच एक मुलगी म्हणाली, 'परत लावा, मूळ खाली वळतं ते नीट दिसलं नाही.' बी तिरकं पडलं असतानाही मूळ खालीच वळतं, हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. चित्र काढताना मुळाची दिशा कशी दाखवायची यावर तिचं अडलं होतं, म्हणूनच.

ती फीत गुरुजींनी तालुक्याच्या गावी नेट असताना उतरवून आणली होती. दीक्षावरचं साहित्य असं फोनमध्ये साठवता येतं आणि नेट नसताना एका फोनमधून दुसऱ्यात पाठवताही येतं. नेट नाही म्हणून कोड बाजूला ठेवणाऱ्या शाळांनी हे जरूर करून पाहावं. आणि बाईंसारखे जोडवर्ग असतील तर चित्रफितीपेक्षा नुसता आवाज अधिक उपयोगी पडतो: चौथीचा गट कोपऱ्यात फोनवर कविता ऐकत तालात म्हणतो, तोवर तिसरीची वजाबाकी घेता येते.

पत्राच्या शेवटी बाईंनी विचारलंय की गावातल्या आजींच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून त्यांचे कोड आपणच बनवावेत का. अवश्य बनवावेत. फक्त कोड तयार करून देणाऱ्या फुकट संकेतस्थळांपासून एका बाबतीत जपा. काही ठिकाणी तुमचा पत्ता थेट कोडात न भरता त्या संकेतस्थळाचा मधला पत्ता भरला जातो, आणि मुदत संपली की कोड बंद पडतो. म्हणून साधा, 'स्टॅटिक' प्रकारचा कोड निवडा. त्यात तुमच्या फाइलचा पत्ताच छापला जातो आणि त्याला मुदत नसते. पत्ता जितका लहान, तितके कोडातले ठिपके मोठे आणि स्वस्त फोनलाही वाचायला सोपे. भोवती चार ठिपक्यांएवढी पांढरी कड मोकळी सोडा, तिथे नक्षी नको. भिंतीवर लावणार असाल तर मुलं जितक्या अंतरावर उभी राहतील त्याच्या साधारण एक दशांश मापाचा कोड छापा, म्हणजे मीटरभर अंतराला दहा सेंटिमीटर. आणि ओव्यांची मूळ फाइल शाळेच्या संगणकावर वेगळी जपून ठेवा. आजींचं नाव आणि त्यांची संमती घेतल्याची नोंदही त्याच फोल्डरमध्ये असू द्या.