दोन मिनिटं चाकावर, आठ दिवस सावलीत

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका दिसायला लागतो आणि गाडीतल्या मंडळींना चहा आठवतो. राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलपासून सुरू होतो तो थेट कन्याकुमारीपर्यंत जातो. या रस्त्यावरच्या माणसाला पुढे कुठेतरी पोचायचं असतं, वाटेतल्या गावाच्या वाट्याला त्याची दहा-पंधरा मिनिटं येतात. कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्याजवळच तारा गाव आहे. तिथल्या युसुफ मेहेरअली सेंटरमध्ये घाण्याचं तेल, साबण आणि मातीची भांडी तयार होतात. गाड्या थांबतात, माणसं उतरतात, फोटो काढतात, एखादी पणती किंवा कुंडी घेतात आणि पुढे निघतात.

मीही अशीच उतरले होते. थांबले ती एका बाईंमुळे. त्या गाडीतून आलेल्या नव्हत्या, जवळपासच्याच होत्या. मडकी निवडत होत्या. एकेक मडकं डाव्या तळव्यावर उचलून धरायच्या आणि उजव्या हाताच्या बोटाने टिचकी मारायच्या. ठण्ण वाजलं की बाजूला ठेवायच्या. एक मडकं बद्द वाजलं, ते त्यांनी परत केलं. मला त्यात काही खोट दिसेना. पलीकडे उभ्या असलेल्या कुंभारदादांनी मात्र ते मुकाट्याने उचललं, उन्हात धरलं आणि काठापासून बोटभर खाली उतरलेली केसाएवढी चीर मला दाखवली. “त्यांना बरोबर कळतं,” एवढंच म्हणाले. ज्या वस्तूची पारख करणारं गिऱ्हाईक अजून शिल्लक आहे, ती घडते कशी हे बघावंसं वाटलं.

माती आणणं, वाळवणं, कुटणं, चाळणं, भिजवणं, तुडवणं हे सगळं चाकाआधीचं. यात दिवस जातात, पण बघायला कुणी थांबत नाही. गर्दी होते ती चाकापाशी. चाक आता विजेवर फिरतं, त्यामुळे खांद्यांचे हाल वाचलेत. मातीचा गोळा चाकाच्या मधोमध आपटला की पहिली गोष्ट म्हणजे त्याचं डगमगणं थांबवायचं. दादांचे दोन्ही तळवे गोळ्यावर गच्च बसतात, कोपरं मांड्यांना टेकलेली, आणि थरथरणारी माती हळूहळू निमूट होते. मग अंगठा आत शिरतो. आत अंगठा, बाहेर बोटं, मधे मातीची भिंत, आणि ती भिंत वर चढत जाते. त्या अंगठ्यावरून माझी नजर हलत नव्हती. त्याचं नख पार झिजलेलं होतं, पेराशी मातीची रेघ कायमची बसलेली होती, आणि भिंत कुठे जाड राहिली हे डोळ्यांच्या आधी त्यालाच कळत होतं. काठ वळवला, ओल्या फडक्याने गुळगुळीत केला, दोऱ्याने तळ कापला. दोन मिनिटं झाली असतील.

एका गृहस्थांनी ती दोन मिनिटं मोबाइलवर टिपली आणि मडक्याचा भाव विचारला. ऐकून म्हणाले, “दोन मिनिटांच्या कामाचे एवढे?”

दादा शांतपणे म्हणाले, “दोन मिनिटं चाकावर, साहेब. आठ दिवस सावलीत.”

हे आठ दिवस मला नंतर शेडमध्ये दिसले. फळ्यांवर मडकी, परळ, पणत्या, कुंड्या ओळीने मांडलेल्या, काही ओल्या गडद, काही फिकट पडत चाललेल्या. थेट उन्हात ठेवलं तर बाहेरची बाजू आधी सुकून आकसते, आतली ओलीच राहते आणि भांडं तडकतं. वारा एकाच बाजूने लागला तरी काठ वाकडा होतो. म्हणून फिरवायचं, उलटं करायचं, झाकायचं, उघडायचं. मोठं भांडं अर्धवट सुकलं की आतून गोल दगड लावून बाहेरून लाकडी थापीने थापटायचं, म्हणजे अंग पातळ होतं आणि घट्टही होतं. हे सगळं आठ दिवसांतलं. मग कावेचा हात, आणि शेवटी भट्टी.

भट्टीतली चूक दुरुस्त होत नाही. आच सुरुवातीला मंद ठेवावी लागते, कारण सुकलेल्या दिसणाऱ्या मातीतही ओल दडलेली असते. घाई केली तर तिची वाफ होते आणि भांडं फुटतं. सहाशे अंशांच्या आसपास मातीच्या कणांतच बांधलेलं पाणी निघून जातं, आणि त्यानंतर ती माती पाण्यात कधीच विरघळत नाही. लाल रंग येतो तो मातीतल्या लोहामुळे. हवा कोंडली तर तेच भांडं काळं निघतं. इतकं सगळं नीट पार पडल्यावर वर ती टिचकीची परीक्षा.

ज्यांच्या नावाने हे सेंटर आहे ते युसुफ मेहेरअली १९४२ साली मुंबईचे महापौर होते. ‘सायमन गो बॅक’ आणि ‘क्विट इंडिया’ या घोषणांचं श्रेय त्यांना दिलं जातं. १९५० साली ते अकाली गेले. १९६१ साली त्यांच्या नावाने सेंटर उभं करण्यात डॉ. जी. जी. परीख पुढे होते. बेचाळीसच्या आंदोलनात विद्यार्थी असतानाच ते तुरुंगात गेले होते. खेड्यातल्या हाताला खेड्यातच काम मिळावं या ध्यासाने ते अखेरपर्यंत राबले आणि शंभरी पार करून २ ऑक्टोबर २०२५ रोजी गेले. मुंबईच्या इतक्या जवळ, जिथे जमिनीला सोन्याचा भाव आला आहे आणि नवी मुंबईचा विमानतळही पनवेलच्या उंबरठ्याशी उभा राहिला आहे, तिथे माणसं अजून माती तुडवतात, याचं मोल मला फार मोठं वाटतं.

पण हे काम नुसत्या ध्येयवादावर टिकलेलं नाही. ते टिकलंय त्या टिचकी मारणाऱ्या बाईंसारख्या गिऱ्हाइकांवर. त्यांना मडकी हवी होती पोपटीसाठी. हिवाळ्यात रायगडात वालाच्या शेंगा आल्या की मडक्याच्या तळाशी आणि तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला गच्च भरतात, मधे शेंगा, बटाटे, कांदे, कुणी अंडी, कुणी मसाला लावलेली कोंबडी, वर जाडं मीठ आणि ओवा. मडकं शेतात उपडं ठेवून भोवती पेंढा-काटक्या पेटवतात. पाण्याचा थेंब घालायचा नाही. चीर असलेलं मडकं या जाळात तग धरत नाही आणि सगळ्यांची रात्र फुकट जाते. म्हणून ती टिचकी. संक्रांतीला सुगडं, उन्हाळ्यात माठ, दिवाळीत पणत्या. कुंभाराचं वर्ष या मागणीवर चालतं. प्रवासी घेतात त्या शोभेच्या वस्तू हा वरचा पैसा. तोही हवाच आहे.

म्हणूनच मला भाव पाडून मागणाऱ्यांचा राग येतो. पुढच्या ढाब्यावर हीच मंडळी बिलाकडे न बघता पैसे देतात आणि इथे वीस रुपयांवर अडून बसतात. मडक्याच्या किमतीत आठ दिवसांची राखण आहे, भट्टीत फुटलेल्या भांड्यांचा भुर्दंड आहे, जळणाचा खर्च आहे. घासाघीस करण्यापेक्षा टिचकी मारायला शिकावं. बद्द वाजलेलं परत करा, कुणाला वाईट वाटत नाही. ठण्ण वाजलेलं सांगितलेल्या भावाने घ्या.

निघताना मी माठ घेतला. दादांनी सांगितलं, दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा, पहिलं पाणी पिऊ नका, आतून साबण कधी लावू नका, साबण मातीत मुरतो. माठ पाझरतो म्हणून तक्रार घेऊन येणारेही असतात, पण तो पाझरतो, ते पाणी उडतं, म्हणूनच आतलं गार होतं. पावसाळ्याचं विचारलं तर म्हणाले, तेव्हा आठाचे पंधरा दिवस होतात, कधी त्याहून जास्त. गणपतीला कोकणात जाणारी गर्दी या रस्त्यावर लोटते नेमकी तेव्हाच. त्या गर्दीसाठीच्या पणत्या आणि कुंड्या मे महिन्यातच भाजून ठेवाव्या लागतात.