दवाखान्याची वाट

दवाखाना आहे, डॉक्टर आलेला आहे, पण दवाखान्यापर्यंत जायला वाट नाही. वाटेवर एका शेतकऱ्याचं पीक उभं आहे. ‘ग्राम चिकित्सालय’ या हिंदी विनोदी मालिकेचं पहिलं पर्व या अडचणीपासून सुरू होतं. 9 मे 2025 रोजी प्राइम व्हिडिओवर आलेले तिचे पाचही भाग मी बराकपुरात, लष्करी वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये, दोन रात्रींत पाहिले. शेवटचा भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, तेव्हा घरकामाला येणारी मासी भाजी निवडत शेजारी बसली होती. तिला हिंदी बेताचंच कळतं. विनय पाठक पडद्यावर आला आणि तिनं हातातली पडवळं खाली ठेवली. ‘‘बौदी, हा तर आमचा डाक्तारबाबू!’’

विनय पाठकनं उभा केलेला चेतक कुमार हा डॉक्टर नाही. तो झोलाछाप आहे. गूगलवर लक्षणं शोधून औषध देणारा. तिकडे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात दिल्लीहून आलेला सुवर्णपदक विजेता डॉ. प्रभात सिन्हा (अमोल पाराशर) रिकाम्या बाकाकडे बघत बसलेला असतो. भटकंडी हे खेडं काल्पनिक आहे. पण पर्वाचं सगळं हसू एका साध्या प्रश्नातून येतं आणि तो प्रश्न मुळीच काल्पनिक नाही: फुकट औषध, पदवीचा डॉक्टर आणि पक्की इमारत समोर असताना माणसं पैसे मोजून चेतककडे का जातात?

मासीच्या डाक्तारबाबूकडे मी एकदा गेले होते. तिला चार दिवस ताप होता आणि एकटीनं जायला ती तयार नव्हती. खोली जेमतेम आठ बाय दहाची. भिंतीवरचा पंखा, लाकडी बाक, टेबलावर रक्तदाबाचं यंत्र. त्यानं आधी तिच्या जावयाची नोकरी लागली का ते विचारलं. मग काल रात्री काय जेवलीस, झोप लागली का, पाणी कुठलं पितेस. नाडी पाहिली, पाठीवर हात ठेवून श्वास घ्यायला लावला. नंतर खणातून कात्री काढली आणि गोळ्यांच्या दहाच्या पट्टीतून चार गोळ्या कापून कागदात गुंडाळल्या. पैसे घेतले, तेही निम्मे; बाकीचे पुढच्या आठवड्यात. घरी येऊन मी तो तुकडा उलटून पाहिला. औषधाचं अर्धं नाव होतं. वापरायची मुदत मात्र त्याच्या खणात राहिलेल्या सहा गोळ्यांबरोबर गेली होती.

त्या खोलीत जे होतं ते सगळं होतं: आपुलकी आणि धोका, दोन्ही एकाच कागदात बांधलेले. मालिकेच्या लेखकांनी, वैभव सुमन आणि श्रेया श्रीवास्तव यांनी, हे नेमकं ओळखलंय. त्यांनी चेतकला खलनायक केलेलं नाही. तो गावाला ओळखतो आणि गाव त्याला. दिग्दर्शक राहुल पांडे यांनीही प्रभातचा सात्त्विक संताप खरा ठेवूनच त्याला हळूहळू हे शिकायला लावलंय.

बंगालीत अशा डॉक्टरला ‘हातुडे डाक्तार’ म्हणतात. त्यांच्यावर झालेला एक महत्त्वाचा अभ्यास पश्चिम बंगालमधलाच, बीरभूम जिल्ह्यातला आहे आणि त्यात एक मराठी धागाही आहे. अभ्यास करणाऱ्या चौघांपैकी एक अभिजित विनायक बॅनर्जी, पुढे 2019मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. त्यांच्या आई निर्मला बॅनर्जी स्वतः अर्थतज्ज्ञ, माहेरच्या पाटणकर. बाकीचे तिघे म्हणजे जिष्णू दास, रेश्मान हुसाम आणि लिव्हर फाउंडेशनचे डॉ. अभिजित चौधुरी. बीरभूममधल्या 304 अशा वैद्यांपैकी चिठ्ठ्या टाकल्यासारखे निम्मे निवडून त्यांना नऊ महिन्यांत 150 तासांचं प्रशिक्षण दिलं गेलं. मग त्यांच्याकडे पेशंट पाठवले ते पढवलेले! कुणी छातीत दुखतंय म्हणून गेला, कुणी दम लागतो म्हणून, कुणी घरी बाळाला जुलाब होताहेत म्हणून. खोकायचं कसं, काय विचारलं तर काय सांगायचं, सगळं पाठ. ऑक्टोबर 2016मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. शिकलेल्या वैद्यांचं योग्य उपचारांचं प्रमाण 7.9 टक्के अंकांनी वाढलं; सरकारी दवाखान्यातल्या पदवीधर डॉक्टरांमधलं आणि त्यांच्यातलं अंतर जवळजवळ निम्म्यानं घटलं. अनावश्यक औषधं आणि अँटिबायोटिक्स देण्याची सवय मात्र तशीच राहिली.

तो शेवटचा निष्कर्ष मला अस्वस्थ करतो. ज्ञान देता येतं. पण औषध विकूनच ज्याचं पोट चालतं, त्याला कमी औषध द्यायला कोण शिकवणार? चेतक कुमारच्या गल्ल्यापाशीही हा प्रश्न उभा राहतो. मालिका मात्र तिथे रेंगाळत नाही. तिनं रेंगाळायला हवं होतं.

आता त्या रिकाम्या इमारतीकडे वळू. प्राथमिक आरोग्य केंद्र ही कल्पना भारतभर गेली ती भोर समितीच्या अहवालामुळे. समिती 1943मध्ये नेमली गेली, अहवाल 1946मध्ये आला. अध्यक्ष सर जोसेफ भोर हे जन्मानं नाशिकचे, शिक्षण पुण्यात बिशप्स शाळेत आणि डेक्कन कॉलेजात. पुढे आयसीएस होऊन मद्रास प्रांतात गेले. तातडीचा टप्पा म्हणून समितीनं 40,000 लोकांमागे एक केंद्र सुचवलं होतं. 2 ऑक्टोबर 1952ला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्याबरोबर ही केंद्रं उभी राहू लागली. आजचा निकष सपाट प्रदेशात 30,000 लोकसंख्येमागे एक आणि डोंगरी-आदिवासी भागात 20,000 मागे एक असा आहे. म्हणजे भटकंडीची ती इमारत एका नाशिककराच्या सहीनं निघालेल्या अहवालाची नात आहे. हे कळलं तेव्हा मला त्या पोपडे उडालेल्या भिंतींबद्दल एकदम घरचं काहीतरी वाटलं.

आणि त्या अहवालाच्याही आधीची एक जागा बराकपूरच्या समोरच आहे, नदीपलीकडे. धोबीघाटावरून हुगळी ओलांडणारी फेरी श्रीरामपूरला सोडते. तिथून तारकेश्वर लोकल शेवडाफुलीला फाटा घेऊन सिंगूरला जाते. सिंगूर म्हटलं की आपल्याला नॅनोचा कारखाना आठवतो. पण 1939मध्ये, कलकत्त्याच्या अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्थेनं रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं तिथे ग्रामीण आरोग्य केंद्र उभं केलं. खेड्यातल्या माणसाचं आरोग्य खेड्यात राहूनच कसं सांभाळायचं याचा तो प्रयोग होता. संस्थेचे तेव्हाचे संचालक डॉ. जॉन ग्रँट पुढे भोर समितीचे सदस्य झाले. बराकपुरात सगळे मंगल पांडे यांचं ठिकाण विचारतात, आणि विचारायलाच हवं. पण होडीत उभं राहून पलीकडचा काठ जवळ येताना पाहिला की मला आता सिंगूरही दिसतं.

विनोदी मालिकेसाठी एवढं कशाला, असं कुणी म्हणेल. माझ्या मते रुग्णालयावरचा चांगला विनोद एवढ्या खोल मुळांवरच उभा असतो. अमेरिकेत 1972मध्ये कोरियन युद्धातल्या फिरत्या लष्करी रुग्णालयावर ‘मॅश’ ही मालिका सुरू झाली. वाहिनीला ध्वनिमुद्रित हशा हवाच होता. निर्मात्यांनी हट्ट धरून शस्त्रक्रियेच्या दृश्यांमधून तो काढायला लावला. कुठे हसायचं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याच कोरियात आपली 60वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली जखमींवर उपचार करत होती, हे आपल्याकडे फारच थोड्यांना माहीत असतं. 2001ची ‘स्क्रब्ज’ लॉस एंजेलिसमधल्या बंद पडलेल्या खऱ्या रुग्णालयात चित्रित झाली आणि तिचा नायक निर्माता बिल लॉरेन्सच्या डॉक्टर मित्रावर बेतलेला होता. तिच्या पहिल्याच पर्वात, चौथ्या भागात, तीन नवशिक्या डॉक्टरांचे तिन्ही पेशंट दगावतात. इतकं धाडस आपल्याकडच्या विनोदी मालिकांनी क्वचित केलंय. मराठीत 2020मध्ये झी युवावर ‘डॉक्टर डॉन’ आली, ती वैद्यकीय महाविद्यालयात घडणारी; पण तिचा जीव डॉनच्या गमतीत होता, वॉर्डात नव्हे.

‘ग्राम चिकित्सालय’नं ते धाडस शेवटच्या भागात केलंय. नर्स इंदूच्या मुलाचं मानसिक आजारपण समोर येतं आणि पाच भागांचं हसू तिथे थांबतं. आजवर गावाला औषधं वाटणारी बाई स्वतःच्या घरातलं दुखणं दडवून बसलेली असते. गरिमा विक्रांत सिंह यांचा चेहरा त्या प्रसंगात मी तीनदा मागे नेऊन पाहिला. त्या मानानं डॉ. गार्गीची व्यक्तिरेखा कच्ची आहे, आणि मधले दोन भाग ‘पंचायत’च्या पायवाटेनं जातात. दोन्ही मालिकांमागे टीव्हीएफ आणि दीपक कुमार मिश्रा आहेत, त्यामुळे ते व्हायचंच. पण पेशंट डॉक्टरकडे येत नसेल तर डॉक्टरनं पेशंटच्या घरात शिरायचं, हे वळण या पर्वाचं स्वतःचं आहे.

हे वळण महाराष्ट्राला नवं नाही. जामखेडला 1970मध्ये काम सुरू करून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच बायकांना, अनेकदा निरक्षर आणि दलित बायकांना, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं नवजात बाळाची काळजी घरातच घ्यायला गावातल्या बायांना शिकवलं. या बाया ओळखीच्या होत्या. मासीच्या डाक्तारबाबूकडे जी शक्ती आहे तीच त्यांच्याकडे होती. फरक एवढाच की त्यांच्या पाठीशी शिकवणारं आणि पुन्हा पुन्हा तपासणारं कुणीतरी होतं.

त्या दुपारी भाग संपल्यावर मी मासीला गोळ्यांचा तो जुना तुकडा दाखवला. मुदत कुठे छापलेली असते, ती का बघायची, हे माझ्या मोडक्या बंगालीत समजावलं. ती काही बोलली नाही. पुजोच्या आधी तिच्या नातीला खोकला झाला, तेव्हा ती पुन्हा त्याच्याचकडे गेली आणि संध्याकाळी कागदाची पुडी घेऊन आली. आत पट्टीचा उरलेला अर्धा भाग होता, मुदत छापलेला. ती म्हणाली, ‘‘बाबूला सांगितलं, बौदी वाचून बघते. तर त्यानं स्वतः आधी वाचलं, चष्मा लावून. मग दुसऱ्या बाजूनं कापलं.’’