पुसलेली डिस्क, शाबूत सनद

लॅपटॉप मंद झाला, वारंवार अडू लागला किंवा सुरू होता होताच निळा पडदा दाखवून थांबू लागला, म्हणजे तो जवळच्या दुरुस्तीच्या दुकानात न्यावा आणि दुकानदाराने ‘विंडोज मारून देतो, उद्या या’ असे सांगून तो ठेवून घ्यावा, अशी जी वहिवाट आपल्याकडे पडून गेली आहे, तिच्यात वरवर पाहता वावगे काही दिसत नाही. यंत्र दुसऱ्या दिवशी परत येते, पूर्वीपेक्षा झपाट्याने सुरू होते आणि मालक समाधानाने पैसे चुकते करून घरी येतो. उणीव ध्यानात येते ती चार-आठ दिवसांनी. ज्या वर्डमध्ये पत्रे लिहिली जात तो वर्डच जागेवर नसतो, बॅटरीचा भार ऐंशी टक्क्यांवर थांबवणारी सोय दिसत नाही, आवाज पूर्वीसारखा भरदार येत नाही. यंत्राबरोबर जे जे घालून मिळाले होते, आणि ज्याचे मोल यंत्राच्या किमतीतच वसूल झालेले होते, ते सारे एका रात्रीत नाहीसे झालेले असते.

माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षिकाबाईंवर हा प्रसंग आला. दुकानात जाऊन त्यांनी विचारणा केली तेव्हा ‘मॅडम, ते कंपनीचं होतं, फॉरमॅटमध्ये गेलं; आता नवीन घ्यावं लागेल’ असे उत्तर मिळाले, आणि बाई निवृत्तिवेतनातून ऑफिसची नवी प्रत विकत घेण्याच्या तयारीला लागल्या. मी त्यांना दोन दिवस थांबण्याची विनंती केली. दुकानदाराने ते उत्तर प्रामाणिकपणे दिले असेल. पण ते खरे नव्हते, आणि अशा उत्तरांपायी कितीतरी माणसे स्वतःच्या मालकीची वस्तू दुसऱ्यांदा विकत घेत असतील, या विचाराने मन अस्वस्थ होते म्हणूनच हा लेखनप्रपंच.

मूळ गैरसमज असा की, सॉफ्टवेअर म्हणजे डिस्कवर लिहिलेला मजकूर, आणि मजकूर पुसला की सॉफ्टवेअर संपले. वस्तुतः सॉफ्टवेअर आणि ते वापरण्याचा हक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत. शेतातली झोपडी जळाली तरी जमिनीची सनद कचेरीच्या दप्तरात शाबूत असते आणि झोपडी पुन्हा उभी करता येते, तसेच हे आहे. प्रश्न उरतो तो एवढाच की, कोणत्या वस्तूची सनद कोणत्या दप्तरी ठेवलेली आहे. लॅपटॉपच्या बाबतीत अशी तीन दप्तरे आहेत. एक यंत्राच्या मदरबोर्डवर, दुसरे इंटरनेटवरील खात्यात, आणि तिसरे खुद्द डिस्कच्या एका राखीव कोपऱ्यात. या तिहींपैकी फॉरमॅटने नष्ट होते ते केवळ तिसरे.

पहिल्या दप्तराची हकिकत मोठी उद्बोधक आहे. एके काळी लॅपटॉपच्या पोटाखाली एक रंगीत चिकटपट्टी असे आणि तिच्यावर पंचवीस अक्षरांकांची किल्ली छापलेली असे. मांडीवरच्या उष्णतेने आणि हातांच्या घर्षणाने ती दोन-तीन वर्षांत इतकी पुसट होई की भिंग घेऊनही वाचता येऊ नये. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ बाजारात आले तेव्हापासून ही पद्धत पालटली. निर्माता आता प्रत्येक यंत्राची स्वतंत्र किल्ली मदरबोर्डवरील त्या चिपमध्येच नोंदवून ठेवू लागला, जिच्यात बायोसचे, म्हणजे यंत्राला प्रथम जाग आणणाऱ्या आज्ञांचे, वास्तव्य असते. डिस्क पुसा, डिस्क बदला, नवी एसएसडी बसवा. त्या नोंदीला धक्का लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून घेतले, किमान आठ गिगाबाइटांच्या पेनड्राइव्हवर विंडोजची प्रत तयार केली आणि तिच्यावरून विंडोज घातले, तर ती प्रत चिपमधील किल्ली स्वतःच वाचते, तिला अनुरूप अशी आवृत्ती निवडते, आणि इंटरनेटशी जोडणी होताच अधिकृत ठरते. कोणाला काही टंकावे लागत नाही, कोणाला काही द्यावे लागत नाही.

आणि नेमके येथेच दुकानांतून जे घडते ते मला फार सलते. भारतात विकल्या जाणाऱ्या घरगुती लॅपटॉपांवर बहुधा ‘होम सिंगल लँग्वेज’ ही आवृत्ती असते आणि चिपमधील किल्लीही त्याच आवृत्तीची असते. बाईंच्या यंत्रावर दुकानदाराने घातली होती ती ‘प्रो’ आवृत्ती. तिला ही किल्ली लागू पडत नाही, म्हणून कुलूप फोडणाऱ्या एका बेकायदा प्रोग्रॅमने ती चालू करून दिलेली होती. स्वतःच्या कणगीत धान्य असताना शेजारच्या शेतातून चोरून आणलेले धान्य कोणी आपल्या पानात वाढावे आणि त्याचे पैसेही घ्यावेत, असा हा प्रकार. शिवाय असले कुलूपतोडे प्रोग्रॅम चालवण्यासाठी बहुधा अँटिव्हायरस बंद करावा लागतो, म्हणजे दाराची कडी काढून ठेवणेही त्यात आलेच. आपल्या यंत्राची स्थिती काय आहे याची खातरजमा सेटिंग्जमधील सिस्टीम या विभागात, ॲक्टिव्हेशन या शब्दाखाली करता येते. आवृत्तीचे नाव तेथे स्पष्ट दिसते. बाईंच्या यंत्रावर पेनड्राइव्हवरून पुन्हा विंडोज घातले तेव्हा होम सिंगल लँग्वेज हे नाव आपणहून पडद्यावर आले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

ऑफिसची सनद मात्र यंत्रात नसते. अलीकडच्या वर्षांत लॅपटॉपबरोबर जे ऑफिस होम अँड स्टुडंट मिळत आले आहे, त्याचा हक्क प्रथम वापराच्या वेळी ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून प्रवेश केला जातो त्या खात्याच्या नावे कायमचा नोंदवला जातो. आणि हा हक्क बजावण्यास विंडोज प्रथम कार्यान्वित झाल्यापासून १८० दिवसांची मुदत असते. ज्याने ती मुदत पाळली त्याने डिस्क कितीदाही पुसली तरी त्या खात्यात शिरावे, तेथील सेवांच्या यादीत आपले ऑफिस पाहावे आणि ते पुन्हा उतरवून घ्यावे. अडचण येते ती निराळ्याच ठिकाणी. नवा लॅपटॉप घरी येतो त्या आनंदाच्या दिवशी ते खाते उघडतो घरातला एखादा उत्साही मुलगा, किंवा विक्रेत्याचा माणूस. पत्ता कोणता दिला, परवलीचा शब्द कोणता ठेवला, याची नोंद कोणाजवळ राहत नाही. बाईंचे खाते त्यांच्या भाच्याने उघडून दिले होते आणि भाचा आता बंगळुरात. ‘मावशी, माझ्या जुन्या नंबरावर असेल बघ,’ असे तो फोनवर म्हणाला. सुदैवाने तो नंबर अजून त्याच्याकडेच होता. संध्याकाळपर्यंत वर्ड आणि एक्सेल दोन्ही जागेवर आले.

आता तिसरे दप्तर, डिस्कवरचे. हानी होते ती येथे. पूर्वी निर्माते डिस्कच्या शेवटी दहा-वीस गिगाबाइटांचा एक लपवलेला विभाग ठेवीत, ज्यात कारखान्यातून निघालेल्या स्थितीची संपूर्ण प्रतिमा साठवलेली असे. यंत्र सुरू होताना एचपीच्या अनेक यंत्रांवर एफ ११, आसूसच्या यंत्रांवर एफ ९, एसरच्या यंत्रांवर ऑल्टसह एफ १० दाबले, किंवा लेनोव्होच्या कडेवरील नोव्हो नावाचे बारीक बटण टाचणीने टोचले, की तो विभाग जागा होई. विंडोज १० पासून रचना थोडी बदलली: निर्मात्याने घातलेल्या प्रोग्रॅमांचे गाठोडे सी ड्राइव्हवरच रिकव्हरी नावाच्या लपलेल्या फोल्डरात ठेवण्याची सोय झाली, आणि सेटिंग्जमधील ‘रीसेट धिस पीसी’ ही आज्ञा दिली की विंडोज नव्याने घातले जाऊन ते गाठोडेही पुन्हा उलगडते. म्हणूनच रीसेट आणि फॉरमॅट यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. रीसेटने घर झाडून पुसून निघते. फॉरमॅटमध्ये माळ्यावरची पेटीही बाहेर फेकली जाते. दुकानात यंत्र देताना ‘आधी रीसेट करून पाहा, पार्टिशन पुसू नका’ एवढे एक वाक्य प्रत्येकाने आवर्जून सांगावे. एक तजवीज मात्र आधी करावी: पुष्कळ नव्या यंत्रांची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते, आणि दुरुस्तीच्या वेळी ते ४८ अंकी किल्ली मागते, ती आधीच लिहून ठेवावी. ती किल्ली बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते, तेव्हा पुन्हा गाडी त्या विसरलेल्या खात्यापाशीच येते.

पेटी फेकली गेलीच असेल, तरीही निराश होण्याचे कारण नाही. डिस्क न पुसता नुसतेच नवे विंडोज वर घातले असेल तर जुन्या फायली विंडोज डॉट ओल्ड या फोल्डरात काही दिवस पडून असतात. डेल आपल्या सर्व्हिस टॅगवरून, लेनोव्हो यंत्राच्या अनुक्रमांकावरून, आणि एचपी आपल्या क्लाउड रिकव्हरी टूलद्वारे अनेक मॉडेलांची मूळ प्रतिमा उतरवू देतात. लेनोव्होचे व्हँटेज आणि आसूसचे मायआसूस हे प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर विनामूल्य मिळतात, आणि बॅटरीचा भार मर्यादित ठेवण्याची ती हरवलेली सोय त्यांच्यातच असते. बॅटरीचे आयुष्य वाढवणारी ही सोय माझ्या मते यंत्राबरोबर आलेल्या साऱ्या लहानसहान प्रोग्रॅमांत सर्वाधिक मोलाची.

ॲपलच्या यंत्रांचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तेथेही प्रणाली आणि यंत्राबरोबर घालून मिळालेले प्रोग्रॅम यांतील भेद न कळल्याने माणसे चकली. २०११ पूर्वीच्या मॅकबरोबर करड्या रंगाच्या डिस्क मिळत आणि छायाचित्रे, चित्रफिती व संगीत यांचा आयलाइफ हा संच त्यांच्यावर असे. २००९ साली स्वतंत्रपणे विकत घेतलेल्या स्नो लेपर्डच्या डिस्कवर तो नव्हता. जुनी डिस्क ज्यांनी टाकून दिली त्यांना नव्या प्रणालीत तो संच सापडेना. आज हा प्रश्न उरलेला नाही. आयमूव्ही आणि गॅरेजबँड एप्रिल २०१७ पासून सर्वांनाच विनामूल्य आहेत.

हरवलेले सारेच परत आणावे, असे मात्र मी म्हणणार नाही. २०१४ च्या अखेरीस लेनोव्होच्या काही लॅपटॉपांत सुपरफिश नावाचा जाहिराती दाखवणारा प्रोग्रॅम घालून दिलेला होता. बँकेच्या संकेतस्थळाशी चाललेला सुरक्षित संवादही तिऱ्हाइताला फोडता येईल अशी फट त्याने पाडल्याचे फेब्रुवारी २०१५ मध्ये उघडकीस आले आणि कंपनीला तो मागे घ्यावा लागला. मुदतबंद अँटिव्हायरस आणि खेळांचे नमुने गेले तर जाऊ द्यावेत. विंडोजमध्ये अंगभूत डिफेंडर आहेच. उलट ज्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही त्या ड्रायव्हरांची, म्हणजे यंत्राचे भाग विंडोजला चालवू देणाऱ्या प्रोग्रॅमांची, काळजी आधी घ्यावी. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरपासूनच्या कित्येक यंत्रांत डिस्कचा कारभार पाहणाऱ्या व्हीएमडीचा ड्रायव्हर पुरवल्याखेरीज विंडोजच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, आणि वायफायचा ड्रायव्हर नसेल तर बाकीचे उतरवणार कशावरून? निर्मात्याच्या संकेतस्थळावरून हे दोन ड्रायव्हर दुसऱ्या पेनड्राइव्हवर आधीच घेऊन ठेवावेत.

एक वस्तू मात्र मला स्वतःला परत मिळवता आली नाही. विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवण्याची अंगभूत सोय परवान्याच्या खर्चापायी काढून टाकण्यात आली, म्हणून माझ्या २०१३ च्या लॅपटॉपबरोबर निर्मात्याने डीव्हीडीचा एक प्रोग्रॅम घालून दिला होता. जागा हवी म्हणून तो लपवलेला विभाग मीच पुसला. प्रोग्रॅमच्या कंपनीने लॅपटॉपच्या कंपनीकडे बोट दाखवले आणि तिने त्या मॉडेलचे पान केव्हाच काढून टाकलेले होते. घरात वडिलांच्या एकाहत्तरीची डीव्हीडी आहे. ती आम्ही आता व्हीएलसी या प्रोग्रॅमवर पाहतो.